सुमखारच्या क्रौंचांचं म्हणणं

प्रभाकर तोरस्करांना एका मार्मोटने जाड म्हटलं आणि तिथपासूनच सहलीचा सूर बिघडला.

तसं तो प्राणी काही बोलला नव्हता. खारीच्या कुळातला, मांजरापेक्षा थोडा मोठा, बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहून जगाकडे संशयाने बघणारा जीव तो. लेहहून निघालेली बस मोठी खिंड ओलांडून पलीकडच्या उतारावर थांबली, सगळे पाय मोकळे करायला उतरले, मार्मोटने तोरस्करांकडे पाहिलं आणि लागोपाठ शिट्ट्या मारल्या. त्याबरोबर सहाही पर्यटकांच्या कानांतल्या इअरबडमधून एक समंजस बायकी आवाज म्हणाला, "दोन पायांचा. रुंद. लाल."

लाल म्हणजे जाकीट. त्याबद्दल तोरस्करांची हरकत नव्हती.

"रुंद म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

नाशिकच्या तिघी मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यांवर डोकी टेकवून हसत होत्या. तोरस्करांच्या पत्नी उर्मिलाबाई डोंगराकडे बघायला लागल्या.

"काका, माणसाचा आकार आणि कपड्याचा रंग त्यांच्या शिट्टीत येतो," सहलीची मार्गदर्शक सुनेत्रा म्हणाली. "जाकीट जाड असलं की—"

"डॉक्टरांचं जाकीट काय पातळ आहे? त्यांना का नाही म्हटलं?"

डॉक्टर ठोंबरे हे चिंचवडचे दंतवैद्य. हातभर लेन्स लावलेला कॅमेरा पोटाशी धरून ते मार्मोटच्या बिळाकडे निघालेच होते. "डॉक्टर, रस्ता सोडू नका," सुनेत्रा ओरडली. ते वाक्य तिने त्या दिवसात कितव्यांदा म्हटलं होतं, देव जाणे.

"आणि मला सांगा," तोरस्कर म्हणाले, "यांना उलट उत्तर देता येतं का?"

"नाही, काका."

"म्हणजे हे वाट्टेल ते बोलणार आणि आपण ऐकून घ्यायचं!"

सुनेत्रा वाळिंबेने कपाळाला हात लावला. हिमालयातल्या सहली ती गेली अठरा वर्षं नेत होती. पूर्वी माणसं 'बिबट्या दिसला नाही' म्हणून रुसायची. ते परवडलं, असं तिला अलीकडे फार वाटे.

*

'उकल' हे यंत्र सुनेत्राच्याच घरात जन्माला आलं होतं. तिचा नवरा यशोधन ध्वनिशास्त्रातला, ती पक्ष्यांच्या अभ्यासातली. लडाखच्या पूर्व भागात सुमखार नावाचं गाव आहे, गावाखाली खाऱ्या तळ्याला लागून पसरलेली दलदल. तिथे उन्हाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. माणसाच्या खांद्यापर्यंत पोचणारे हे पक्षी. राखी-पांढरं अंग, काळी मान, डोक्यावर तांबडा ठिपका. सुनेत्राने दोन मोसम त्या दलदलीच्या काठावर तंबू ठोकून काढले होते.

तिने आणि यशोधनने मिळून केलं ते असं. क्रौंचाच्या अंड्यासारखं दिसणारं, तेवढ्याच वजनाचं एक खोटं अंडं बनवलं आणि ते घरट्यात खऱ्या अंड्यांशेजारी ठेवलं. पक्षी उबवायला बसला की त्याच्या पोटाची उघडी कातडी अंड्याच्या कवचाला टेकते. कवचाखालच्या संवेदकाला तिथे त्याची नाडी लागते. घरट्याभोवती माइक आणि कॅमेरे होतेच. पक्ष्याने कुठली हाक दिली, त्या क्षणी त्याचं हृदय किती वेगाने धडधडत होतं, जोडीदाराने पुढे काय केलं आणि आसपास कोण होतं, हे सगळं एकत्र साठत गेलं. मग संगणकाने त्या हजारो हाकांचे ढीग लावले. एका ढिगातली हाक आली की जोडीदार जवळ येतो, नाडी मंद असते. दुसऱ्या ढिगातली आली की माना ताठ होतात, नाडी दुपटीने पळते आणि जवळपास कुत्रा, कोल्हा नाहीतर माणूस असतो.

ही काही भाषा नव्हती. त्याला ना व्याकरण, ना वाक्य. सुनेत्रा हे प्रत्येक सहलीच्या पहिल्या दिवशी सांगायची आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी हमखास विचारायचं, 'त्यांच्यात शिव्या असतात का हो?' यंत्र फक्त ढीग लावतं. कुठल्या ढिगाला काय म्हणायचं, ते माणूस ठरवतो. क्रौंचांच्या ढिगांना नावं सुनेत्राने दिली होती. मार्मोट, जंगली गाढवं, चुकार तितर, कावळे मागाहून आले, तेव्हा इतरांनी दिली. पण मराठी आवाज सगळ्यांना तिचाच होता. आठवडाभर बंद खोलीत बसून तिने शब्द वाचून दाखवले होते आणि त्यावरून यशोधनने यंत्राला बोलायला शिकवलं होतं.

पुढे एका टूर कंपनीने उकल विकत घेतलं. यशोधन त्यांचा तंत्रप्रमुख झाला, सुनेत्रा मुख्य मार्गदर्शक. सुरुवातीला दोघांनाही ते फार सोयीचं वाटलं होतं. आता सुनेत्रा कानात इअरबड घालत नसे. दिवसभर गटाची बडबड ऐकल्यावर वर आपलाच आवाज ऐकायचा, हे तिच्याच्याने होत नव्हतं.

*

सुमखारला आंग्मोने त्यांचं स्वागत केलं ते तक्रारीनेच. "दीदी, बस पुन्हा माझ्या वाटाण्याच्या शेताला लागून लावलीत," ती हिंदीत म्हणाली. पण लगेच सगळ्यांच्या हातात गरम चहा आला. आंग्मोचं घर गावात सगळ्यात वर, कड्याला टेकून होतं. गेल्या दोन वर्षांत तिने पाहुण्यांसाठी चार खोल्या वाढवल्या होत्या, गरम पाण्याची सोय केली होती आणि थोरल्या मुलीला शिकायला जम्मूला पाठवलं होतं. ते सगळं या क्रौंचांच्या जिवावर, असं ती स्वतःच हसत सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दलदलीकडे उतरले. पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या दगडांची एक ओळ होती. तिच्यापुढे जायचं नाही, असा नियम. ओळीपासून बऱ्याच अंतरावर, पाण्यातल्या गवताच्या उंचवट्यावर मादी बसली होती. नर बाजूला चरत होता.

त्याने मान वर केली. दलदलीवरून एक भरदार, घशातून येणारी हाक घुमली. मादीनेही मान उंचावून तशीच हाक दिली.

"अय्या!" नाशिकच्या तिघींपैकी एक जण म्हणाली. "ऐकलंत?"

तोरस्करांचा चेहरा सहलीत पहिल्यांदाच उजळला. "याला म्हणतात आदरातिथ्य," ते म्हणाले. "नाहीतर तो कालचा उंदीर."

ती हाक सुनेत्राला झोपेतही ओळखता आली असती. त्या ढिगाला नाव देताना तिने क्षणभरही विचार केला नव्हता: 'धोका. दूर हो.'

"काय ऐकू आलं तुम्हाला?" तिने उर्मिलाबाईंना विचारलं.

"'कुणीतरी आलंय! या, या!' असं. तुमच्याच आवाजात की." उर्मिलाबाई थोड्या थांबल्या. "का हो? बरोबर नाही का ते?"

सुनेत्राने खिशातून इअरबड काढला आणि कानात घातला. नर पुन्हा ओरडला. तिच्या कानात ती स्वतः, लग्नाच्या मांडवाच्या दारात उभं राहून अत्तर लावणाऱ्या बाईच्या सुरात म्हणाली, "कुणीतरी आलंय! या, या!"

*

"अगं, सांगणारच होतो तुला," यशोधन म्हणाला.

ती आंग्मोच्या गच्चीवर उभी होती. गावात टॉवर आल्यापासून फोन स्वच्छ लागायचा, इतका की पुण्यातल्या घरातली मिक्सरची घरघर तिला ऐकू येत होती.

"कधी? मी रिटायर झाल्यावर?"

"मागच्या महिन्यातला गट आठवतो ना? एक बाई रडायलाच लागल्या. 'आम्ही इतक्या लांब आलो आणि हे पक्षी आम्हाला दूर हो म्हणतात.' एकाने ते सगळीकडे पसरवलं. त्या मार्मोटबद्दलसुद्धा दर आठवड्याला तक्रार येते. लोकांना हाकलून दिल्यासारखं वाटतं, सुनेत्रा. ते येईनासे झाले तर सुमखारचं काय होईल? तिथे पक्ष्यांमुळे चार पैसे मिळतात म्हणून लोक दलदल राखतात. हे तूच मला शिकवलंस."

हेच तर होतं. त्याचं बोलणं साफ खोटं असतं तर तिला भांडणं सोपं गेलं असतं.

"म्हणून तू धोक्याचं आमंत्रण केलंस?"

"मी फक्त एका ढिगाचं नाव बदललं. 'कुणीतरी आलंय.' चूक आहे का ते? आलेलंच असतं ना कुणीतरी?"

"आणि 'या, या'?"

"ते मार्केटिंगवाल्यांनी घातलं. मी म्हटलं होतं त्यांना, जरा जास्त होतंय."

"माझ्या आवाजात, यशोधन."

तिकडे मिक्सर बंद झाला. "आवाज यंत्राचा आहे गं," तो हळू आवाजात म्हणाला. "हा मोसम जाऊ दे. परत आलीस की बसून बोलू. आत्ता त्या गटासमोर तमाशा करू नकोस, एवढंच."

तिला चडफडण्याचाही कंटाळा आला होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यातले निम्मे वाद 'बसून बोलू' या खुंटीला टांगलेले होते. तिने फोन ठेवला. खाली स्वयंपाकघरात तोरस्कर आंग्मोला सांगत होते की पक्षी काय सुसंस्कृत आहेत. डॉक्टर ठोंबरे फोटो दाखवत होते. सगळे आनंदात होते. निदान दोन दिवस कुणी तिचं डोकं खाणार नव्हतं. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, तिने स्वतःला समजावलं, पुण्याला गेल्यावर त्याला समोर बसवून विचारीन.

ती गप्प राहिली.

*

दुसऱ्या सकाळी वारा होता. नाशिकच्या एकीला मळमळत होतं, तिला गोळी द्यायला सुनेत्रा मागे वळली. तेवढ्यात डॉक्टर ठोंबरे बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून दगडांच्या ओळीपलीकडे पाण्यात उतरले होते.

"डॉक्टर! मागे या!"

"अहो, बोलावतायत ते!" ठोंबरे न वळताच म्हणाले. "पाच मिनिटं फक्त. प्रकाश फार सुंदर आहे."

नर पुढे धावत आला, पंख अर्धवट सोडून, लंगडल्यासारखा. डॉक्टरांना वाटलं, नाचतोय. त्यांनी कॅमेरा वर केला. मादी घरट्यावरून उठली. गवताच्या उंचवट्यावर दोन खरी अंडी आणि तिसरं खोटं, अशी तिन्ही उघडी पडली. आता तीही ओरडत होती, डॉक्टरांच्या समोर येऊन, त्यांना घरट्यापासून दुसरीकडे नेण्याची धडपड करत. दोन्ही पक्ष्यांचं लक्ष त्या एका माणसावर होतं.

म्हणून मागून आलेला कुत्रा त्यांना दिसला नाही.

रस्त्याच्या कामावरचे तळ उठतात, तेव्हा अशी कुत्री मागे राहतात. हा पिवळट, हाडं दिसणारा, पोटाखालपर्यंत चिखलात माखलेला होता. तो पाण्यातून सावकाश चालत आला. घाई नव्हतीच त्याला. उंचवट्यावर चढला, हुंगला, एक अंडं तोंडात धरलं आणि आला तसा परत फिरला.

सुनेत्रा किंचाळत पाण्यात शिरली होती. नर तिच्या डोक्यावरून उडत कुत्र्याच्या पाठीवर झेपावला, चोचीने टोचलं, पंखांनी झोडपलं. कुत्रा कण्हत पळाला, पण अंडं सुटलं नाही. मादी घरट्याभोवती धावत होती आणि दोघांच्या हाकांनी दलदल भरून गेली होती, एकामागून एक, श्वासही न घेता दिलेल्या हाका. आणि काठावर उभ्या असलेल्या पाच जणांच्या कानांत सुनेत्राचा आवाज, तितक्याच वेगाने, तितक्याच प्रेमाने सांगत होता, "कुणीतरी आलंय! या, या! कुणीतरी आलंय! या, या! या, या!"

उर्मिलाबाईंनी कानातला इअरबड ओढून काढला आणि खाली टाकला. "बंद करा हो ते," त्या म्हणाल्या. "बंद करा."

"पण ते 'या' म्हणतायत," तोरस्कर गोंधळून म्हणाले. "अंडं गेलं आणि ते 'या' कसं म्हणतील?"

सुनेत्रा गुडघाभर पाण्यात उभी होती. थंडीने पाय बधिर झाले होते. डॉक्टर ठोंबरे कॅमेरा छातीशी धरून तिथेच खांबासारखे थिजले होते. त्यांना पुढे जावं की मागे, हेही कळत नव्हतं. त्यांच्यावर ओरडायचं म्हणून तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की ओरडायला जागाच नाही. या माणसाला तिच्याच आवाजाने बोलावलं होतं.

"ते 'या' म्हणत नाहीयेत," ती काठावरच्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली. "कालही म्हणत नव्हते. ती धोक्याची हाक आहे. यंत्रातलं नाव बदललं होतं. मला काल सकाळीच कळलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

तिने चिखलाच्या हातांनी फोन काढला. मार्गदर्शकाच्या सेटिंगमध्ये तिने दिलेली जुनी नावं अजून होती. कंपनीने ती पुसायची तसदी घेतली नव्हती. तिने ती लावली. मग खोट्या अंड्याची नाडीही सगळ्यांच्या कानांशी जोडली. आत्ता तिथे काहीच वाजत नव्हतं, कारण घरट्यावर कुणीच बसलेलं नव्हतं.

"इअरबड घाला सगळे. डॉक्टर, माझा हात धरा आणि पक्ष्यांकडे न बघता मागे चला."

दगडांच्या ओळीशी ते आले, तेव्हा कानांत येत होतं, "धोका. दूर हो. धोका. दूर हो." तोच आवाज, पण गोडवा गेलेला. नाशिकच्या तिघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या आणि हसत नव्हत्या.

"अजून मागे," सुनेत्रा म्हणाली.

ते मागे सरले. मादी घरट्यापाशी आली, उरलेल्या एका खऱ्या अंड्याला चोचीने उलटसुलट केलं आणि बसली. एकदम सगळ्यांच्या कानांत तिचं हृदय सुरू झालं. ते ठोके वेगळे मोजता येण्यासारखे नव्हतेच. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सलग तडतडाट होता तो.

"हे तिचं?" ठोंबऱ्यांनी विचारलं. त्यांचे ओठ निळे पडले होते.

"तिचं."

"आपल्यामुळे?"

सुनेत्रा मागे चालत राहिली आणि बाकीचे तिच्याबरोबर. काही अंतर गेल्यावर तडतडाट जरा विरळ झाला. कुणीतरी थांबलं, तसं सगळेच थांबले. दोन-तीन क्षण गेले; वेग उतरला नाही. पुन्हा चालू लागले. आता तोरस्कर सगळ्यांत मागे, म्हणजे पक्ष्यांपासून सगळ्यांत लांब होते आणि हाताने इतरांना आणखी मागे बोलावत होते. शेत गेलं, बसची जागा गेली, गावाचा पहिला चढ सुरू झाला. घरट्यावरचा पक्षी एवढासा पांढरा ठिपका झाला, मग दुर्बिणीशिवाय तोही दिसेना.

चढाच्या अर्ध्यावर कानांतले ठोके वेगवेगळे झाले. एक. मग दुसरा. मग तिसरा. 'दूर हो' केव्हा थांबलं होतं, ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

उर्मिलाबाई तिथल्या एका दगडावर बसल्या आणि रडू लागल्या. त्यांच्या नवऱ्याने जाकिटाच्या सगळ्या खिशांत रुमाल शोधला, मिळाला नाही, तेव्हा स्वतःचा मफलर काढून दिला.

*

पक्षी आता चढावरूनच बघायचे, हे ऐकून दुपारी आंग्मो भडकली.

"तिथपासून? चढावरून?" तिने भाकरीची कणीक थाळीत आपटली. "तिथून काय दिसतं दीदी? डोंगर? डोंगर बघायला लोक माझ्याकडे कशाला येतील, डोंगर तर सगळीकडे आहेत!"

"आंग्मो, तू ऐकलंस ना तिचं हृदय?"

"ऐकलं. माझा कुत्राही पाहुण्यांवर भुंकतो. म्हणून मी घर बंद करू?" ती थांबली, श्वास घेतला. "तुम्ही पुण्याला जाल. तिथे आणखी कुठलं तरी काम मिळेल. मुलीच्या कॉलेजला मी काय सांगू, पक्षी घाबरतात?"

"मला माहीत नाही," सुनेत्रा म्हणाली. "पण इथून पुढे मी कुणालाही दगडांपर्यंत नेणार नाही. तुला दुसरा मार्गदर्शक हवा असेल तर कंपनी पाठवील."

आंग्मोने जेवण वाढलं, पण भांडी जरा जोरातच ठेवली.

डॉक्टर ठोंबऱ्यांनी आपल्या खोलीत बसून कार्डावरचे सगळे फोटो एकेक करून पुसले. मग त्यांना वाटलं, पुसायला नको होते, कुणाला तरी दाखवायला हवे होते. त्यांनी हे सुनेत्राला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही आता झोपा."

यशोधनला तिने संध्याकाळी सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "मी कुत्र्याचा विचार केला नव्हता."

"तू पक्ष्याचाही केला नव्हतास. जुनी नावं परत लाव, सगळ्या गटांसाठी. नाहीतर माझा आवाज आणि माझी रेकॉर्डिंगं काढून घे त्यातून. करारात तो हक्क माझा आहे, तो मी वापरीन."

"ती काढली तर उकल मुकं होईल."

"होऊ दे."

"सुनेत्रा, दहा वर्षं घातलीत आपण त्यात. दोघांनी."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. त्याने तो ऐकला असावा. त्या दिवशी 'बसून बोलू' असं तो म्हणाला नाही.

*

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे आंग्मोच्या गच्चीवर जमले. तिथून दलदल तळहातावर घ्यावी एवढी दिसत होती. आंग्मोने शेजारच्या मठातून एक जुनी तिपाईवरची दुर्बीण आणून ठेवली होती. "याच मोसमापुरती," एवढंच ती म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

एकेकाने दुर्बिणीतून बघितलं. मादी बसली होती. नर पाण्यात चरत होता. कानांत तिचं हृदय संथ चाललं होतं आणि यंत्र गप्प होतं. क्रौंचांना आता या माणसांविषयी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. अर्धा तास काहीच घडलं नाही आणि तोरस्करांनी तक्रार केली नाही.

मग ठोक्यांच्या मागून एक बारीक, ओलसर चिवचिव आली. थांबली. पुन्हा आली.

या वर्षी खोट्या अंड्यात नाडीच्या संवेदकाबरोबर माइकही बसवला होता. सुनेत्राने डोळे मिटले. चिवचिव शेजारच्या अंड्यातून येत होती. आतलं पिल्लू बोलायला लागलं होतं. आणि त्याला उत्तर म्हणून मादीच्या छातीतून एक खोल, थरथरता, जेमतेम ऐकू येईल असा सूर निघाला. दोन मोसम तंबूत काढूनही सुनेत्राने तो कधी ऐकला नव्हता. उकलला तो कुठल्याच ढिगात टाकता येईना, म्हणून ते काहीच बोललं नाही.

"काय म्हणतात ते?" तोरस्करांनी कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही, काका."

त्यांनी मान हलवली आणि दुर्बीण उर्मिलाबाईंच्या हाती दिली.

फोन थरथरला. यशोधन होता. सुनेत्रा गच्चीच्या कोपऱ्यात गेली.

"जुनी नावं लावलीत," तो म्हणाला. "सकाळपासून सगळ्या गटांना तीच जातायत. कंपनी माझ्यावर उखडलीय. दोन सहली रद्दही झाल्या." तो थांबला. कानांतला तो आवाज तिच्या फोनमधून त्याच्यापर्यंतही पोचत असावा. "हे काय आहे? मागे काय वाजतंय?"

"पिल्लू आहे. अंड्यातून."

"आणि तो खालचा सूर? तिचा?" त्याचा आवाज बदलला, दहा वर्षांपूर्वी तंबूत पहिल्यांदा ठोके सापडले, तेव्हा जसा होता तसा झाला. "सुनेत्रा, हा आपल्याकडे नाही. कुणाकडेच नसेल. रेकॉर्ड करतेयस ना?"

स्क्रीनवर तांबडं बटण होतं. अंगठा त्याच्यापासून नखभर अंतरावर होता. "मान अंगाखाली घातली तिने," दुर्बिणीपाशी उर्मिलाबाई कुजबुजल्या आणि तो सूर आणखी खोल गेला.

सुनेत्राने अंगठा बाजूला घेतला.

"नाही," ती म्हणाली. "तू नुसता ऐक."